ब्लेडबाई

दाजी अक्काला दुधनीहून सकाळच्या गाडीनं घेऊन आले. तिची ट्रंक त्यांनी ओट्यावर ठेवली. आईनं चहा टाकला होता, तो न घेता ते स्टेशनकडे परत गेले. तेव्हा मी शाळेत होते. मी नववीत होते, मार्च महिना होता, शाळा सकाळची होती, आणि पहिल्या तासाला बाई आम्हाला भोपळ्याचं फूल उभं चिरून दाखवत होत्या.

बाई गेल्या महिन्यात वारल्या. शाळेनं शोकसभा घेतली. टेबलावर फोटो, फोटोला निशिगंधाचा जाड हार. एका माजी विद्यार्थिनीनं सांगितलं की बाईंचं फुलांवर फार प्रेम होतं. एका निवृत्त सरांनी सांगितलं की बाई फणसासारख्या होत्या, वरून काटे आणि आत गरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मागच्या बाकावर बसून होते. मला सभेत बोलता येत नाही. आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, तिथं गप्प राहण्याचाच पगार मिळतो. म्हणून हे घरी बसून लिहिते आहे, आणि रागानं लिहिते आहे.

बाई प्रेमळ नव्हत्या. त्या आतबाहेर एकच होत्या, आणि फणसाची उपमा ऐकून त्या सरांना उभं करून म्हणाल्या असत्या, "फणस हे एक फळ नसतं, अख्खा फुलोरा असतो. एकेक गरा म्हणजे एकेका फुलाचं काम. उपमा देण्याआधी कापून तरी बघायचं."

त्या सगळं कापून बघायच्या. रुमालाच्या टोकात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असायचं, त्यावरून मुलींनी त्यांचं नाव ब्लेडबाई ठेवलं होतं. सुई म्हणून अंबाड्यातला आकडा वापरायच्या आणि तो तसाच परत खोचायच्या. त्यामुळं त्यांच्या केसांत कायम परागाची पिवळी रेघ असायची. कुणाच्या वेणीत मोगरा दिसला की विचारायच्या, "डोक्यावर कुणाचं काय घेऊन फिरते आहेस, माहीत आहे का?" मुली हसायच्या. त्या हसायच्या नाहीत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शिक्षकखोलीत मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांच्या पुढ्यात गजरा धरला तेव्हाची गोष्ट शाळेत वर्षानुवर्षं सांगितली जायची. बाई म्हणाल्या, "मी दुसऱ्याची जननेंद्रियं डोक्यात माळत नाही." तिळगूळ ज्याच्या त्याच्या तोंडात तसाच राहिला. मुख्याध्यापिकाबाई एवढंच म्हणाल्या, "निदान गोड तरी बोला हो आज." त्यावर बाई म्हणाल्या, "गोडच बोलले. शास्त्रीय नाव घेतलं." पुढच्या वर्षीपासून त्यांना गजऱ्याऐवजी नुसतं एक बोर देण्यात येऊ लागलं.

त्यांच्या मते फुलाचं आपण सगळ्यांनी मिळून वाटोळं केलं होतं. देवाला वाहिलं, बायकांच्या केसांत घातलं, पाहुण्यांच्या गळ्यात घातलं, आणि ते कशासाठी असतं हे विचारलंच नाही. आकृत्यांच्या वह्या तपासताना त्यांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जायचा. "पाकळ्या रंगवायला अर्धा तास! आणि अंडाशयाला पेन्सिलीचा ठिपका! अगं, पाकळी म्हणजे दुकानाची पाटी. दुकान आत आहे. पाटी वाचून परत येतेस आणि म्हणतेस, बाजार केला?" मग त्या बाहेरून आत जायला लावायच्या. आधी हिरवी निदलं: कळीचं पांघरूण. मग पाकळ्या: किड्यांना बोलावणं. मग पुंकेसर, त्यांच्या टोकाला परागकोश. आणि मधोमध स्त्रीकेसर: वर चिकट कुक्षी, मधे नळी, तळाशी अंडाशय, अंडाशयात बीजांडं. एवढं म्हणून झालं की म्हणायच्या, "ह्यातलं एक जरी कामावर आलं नाही तरी फळ नाही. आणि कोण आलं नाही ते बघितल्याशिवाय कुणाला बोल लावायचा नाही."

ह्या बाईला एवढा राग का, ह्यावर गावात बरीच मतं होती. नवऱ्यानं टाकलं असेल. मूल गेलं असेल. प्रेमभंग असेल. माझ्या माहितीप्रमाणे तसलं काही घडलेलं नव्हतं. बघायला आलेला एकही मुलगा त्यांना पसंत पडला नाही, एवढंच. बाईमाणसाला राग आला की लोक लगेच तिच्या घरात मढं शोधू लागतात. समोर चाललेलं दिसतं म्हणून राग येऊ शकतो, हे कुणाला पटत नाही.

त्यांच्या समोर जे चाललं होतं ते असं. बाई दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. मागे न्हाणी होती आणि तिच्या पत्र्यावर मालकिणीनं भोपळ्याचा वेल चढवला होता. मालकीण रोज सकाळी टोपली घेऊन यायची आणि लांब देठाची फुलं तेवढी खुडून न्यायची. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "ती वांझ फुलं हायती बाई. फळ न्हाय धरत. फुकट वेलाचा रस पित्यात. त्यापरीस भजी तरी हुत्यात की."

हे एकट्या मालकिणीचं म्हणणं नव्हतं. आमच्याकडे परसात वेल असलेली कुठलीही बाई हेच सांगायची. मागे उरलेल्या फुलांच्या बुडाशी सुपारीएवढे भोपळे दिसायचे. चार दिवसांत ते पिवळे पडून गळायचे. मग मालकीण वेलाला काळी बाहुली बांधायची. मग तुटकी चप्पल. आणि तरीही काही राहिलं नाही की वेल उपटून टाकायची. "ह्या येलाची कूसच खोटी," म्हणायची, आणि दुसरं बी लावायची.

एका सकाळी बाई तिच्या टोपलीला हात घालून उभ्या राहिल्या. "अहो, ही वांझ नाहीत. हे नर आहेत. तुम्ही नवऱ्यांची भजी तळता आणि बायकांना विचारता, मूल का नाही?"

"अय्या! काय बोलायलाय बाई तुमी! शाळंत पोरीस्नी असंच शिकवताय व्हय?"

"होय. असंच."

त्यानंतर गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की बाई न्हाणीपाशी स्टुलावर चढलेल्या असायच्या. मालकीण यायच्या आत एक नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलून टाकायच्या, आणि उरलेली पिवळी दांडी मादी फुलांच्या कुक्षीवर एकेक करून फिरवायची. त्या वर्षी पत्रा वाकेल एवढे भोपळे लागले. मालकिणीनं श्रेय काळ्या बाहुलीला दिलं. बाई पुढचा आठवडाभर शाळेत कुणाशी धड बोलल्या नाहीत.

तर त्या मार्चमधल्या सकाळी त्यांनी वर्गात दोन्ही फुलं आणली होती. आणि एक गळलेला, पिवळा पडलेला लहान भोपळा. तो त्यांनी चिरला आणि बाकाबाकावरून फिरवला. आत बीजांडं ओळीनं जागच्या जागी होती. "अंडाशय ठीक. बीजांडं ठीक. तरी गळाला. दोष कुठं शोधाल?"

"बाई, पाणी कमी पडलं असेल."

"भरपूर घातलं."

"खत नसेल."

"होतं."

"बाई, नजर लागली असेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला. शेवटी बाई खुर्चीत बसल्या, ब्लेड हातातच होतं. "सगळ्यांनी मादी तपासली," त्या म्हणाल्या. "वेल तपासला, माती तपासली, देव तपासला. परागच आला नाही, हे एकीच्याही मनात येत नाही." मग त्या उठल्या आणि फळ्यावर आकृती काढू लागल्या. माणसांबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं उलटंच सांगितलं गेलं.

मी घरी आले तेव्हा ओट्यावर ट्रंक होती आणि अक्का स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. मला बघून म्हणाली, "आलीस? पाय धू आधी." आई चुलीकडे तोंड करून होती. मला कुणी काही सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सोलापुरातल्या लेडी डॉक्टरनं अक्काला दोनदा तपासून काही दोष नाही म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर सासूबाईंनी उपास करवले, दंडात दोरे बांधले, कुठल्याशा माणसाकडून पूड आणून उपाशीपोटी चाटवली. त्या पुडीनं अक्काला महिनाभर ओकाऱ्या होत होत्या. आता तिचे दंड माझ्यापेक्षा बारीक होते. दाजी एका वाक्यात सांगून गेले होते: आई म्हणते, काही दिवस माहेरीच राहू दे.

रात्री जेवताना अप्पा म्हणाले, "राहू दे थोडे दिवस. त्यांचा राग निवेल." मी म्हणाले, "दाजींना तपासलं का?"

अप्पांचा घास हातात राहिला. "काय म्हणालीस?"

"अक्काला दोनदा तपासलं. दाजींना एकदा तरी?"

"हे कुठं शिकलीस?"

मी खरं ते सांगितलं. भोपळ्याच्या तासाला.

दुसऱ्या दिवशी अप्पा शाळेत तक्रार घेऊन गेले, आणि त्याच संध्याकाळी बाई आमच्या घरी आल्या. चपला दारात काढल्या, पाणी घेतलं नाही.

"माझ्या मुलीला तुम्ही वर्गात काय शिकवलंत?" अप्पांनी विचारलं.

"भोपळा."

"तिनं घरात जावयाच्या तपासणीची भाषा केली!"

"मग तिला जास्तीचे मार्क द्यायला हवेत. तेवढं मी सांगितलं नव्हतं." मग त्या दाराआड उभ्या असलेल्या अक्काकडे वळल्या. "तुला तपासलं?"

"दोनदा."

"आणि त्यांना?"

अक्का खाली बघू लागली.

"बोल की. भोपळा आहेस का?"

"नाही तपासलं."

"मग परीक्षा अर्धीच झाली. आणि निकाल कसा काय लागला?" हा प्रश्न त्यांनी अप्पांना विचारला. अप्पा कोर्टात कारकून होते. निकाल कसा लागतो हे आमच्या घरात त्यांनाच ठाऊक असायला हवं होतं.

रविवारी आम्ही दुधनीला गेलो. बाई, अप्पा, अक्का आणि मी. अप्पा का आले ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांना वाटत असावं की शिकलेली बाई बरोबर असली की समजूत घालणं सोपं जाईल. बाईंनी आयुष्यात कुणाची समजूत घातली नव्हती.

पुढे अडतीचं दुकान, मागे घर. दारात तुरीची पोती आणि त्यांवर बसलेले हमाल. सासूबाईंनी ताक दिलं, तब्येती विचारल्या. दाजी भिंतीला टेकून सुपारी कातरत होते. अक्का पाणी आणायला म्हणून आत गेली. बाईंनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि सरळ दाजींना विचारलं, "तुम्ही सोलापूरला येऊन तपासून घ्याल का? लहानसं काम आहे. बाटलीत द्यायचं आणि घरी जायचं."

दाजींनी आईकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "यव्वा! बाई, तुमी शिकलेल्या हायसा म्हनून काय बी बोलाल व्हय? गड्यामानसाला कुटं तपासत्यात?"

"सिव्हिल हॉस्पिटलात."

"माज्या पोराला काय धाड भरली न्हाय. बघा की, मिशा हायत्या की तोंडावर!"

बाई म्हणाल्या, "मिशा मक्याच्या कणसालाही असतात. त्या मादीच्या असतात."

बाहेरच्या पोत्यांवर एक हमाल खोकल्यासारखा हसला, मग दुसरा, मग सगळे. दाजींनी अडकित्ता खाली ठेवला आणि ते उठून दुकानात गेले. सासूबाई उभ्या राहिल्या. "उठा," त्या अप्पांना म्हणाल्या. "तुमच्या लेकीला घ्या अन् उठा. लई झालं."

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते. अक्का म्हणाली, "आत जात्याला हळकुंड बांधलंय."

बाईंना कळलं नाही. अक्कानं सांगितलं की पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलेलं जातं आहे, शेजारी आंब्याचा टहाळा आहे, सुपात मुहूर्ताची फोडलेली हळद आहे. लग्नघराशिवाय हे कुणी करत नाही. त्या घरात लग्नाचं दुसरं कुणी नव्हतं. दाजींना भाऊ नव्हता, बहिणी कधीच्या सासरी गेल्या होत्या. म्हणजे आम्ही दुधनीला यायला गाडीत बसलो त्याच्या आधीच सगळं ठरलं होतं. बाईंनी तोंड उघडण्याच्या किती तरी आधी.

बाई म्हणाल्या, "हे आधी कळायला हवं होतं. मी मिशांवर थांबले नसते."

वैशाखात दाजींनी दुसरं लग्न केलं. आणि आमच्या नात्यागोत्यात, शेजारात, शाळेत एकच वाक्य झालं: बाईंनी मोडलं. जरा गोडीनं घेतलं असतं तर पोरगी नांदली असती. अक्का प्रत्येकाला जात्याचं सांगायची. सुरुवातीला सांगायची, मग तिनं सोडून दिलं. अप्पा तिच्या तोंडावर म्हणाले, "हळकुंड काय, कशालाही बांधतात." ते कोर्टातले कारकून. पहिली बायको असताना दुसरी करता येत नाही, हा कायदा त्यांच्या टेबलावरून रोज जायचा. त्यांनी अर्ज केला नाही. घरची अब्रू कोर्टात न्यायची का, म्हणाले. त्या अब्रूत अक्काचा किती वाटा होता, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मला अप्पांचा राग आजही येतो. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली, श्राद्धाच्या दिवशीसुद्धा येतो.

शेजारच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आई अक्काला हळूच म्हणाली, "तू आज मागच्या खोलीतच बस." अक्का बसली नाही. तिनं ट्रंक उचलली आणि बाईंच्या खोल्यांवर गेली.

तिथं तिला माया मिळाली असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. बाईंनी तिला एकदाही जवळ घेतलं नाही. पहिल्याच सकाळी अक्का न्हाणीच्या उंबऱ्यावर रडत बसली होती. बाईंनी तिच्या हातात पाकळ्या सोललेलं नर फूल दिलं आणि स्टूल पुढं सरकवलं. "आधी हे कर. ऊन चढलं की मिटतात. रडणं दुपारी." अक्का सांगते, दुपारी रडायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, कारण दुपारी बाईंनी तिला गणितं घातली आणि ती चुकल्यावर असं फाडून खाल्लं की दुसरं काही सुचेना. तिनं राहिलेली मॅट्रिक दिली, मास्तरकीची परीक्षा दिली, आणि नगरपालिकेच्या शाळेत लागली. पास झाल्याचं सांगायला ती धावत आली तेव्हा बाई म्हणाल्या, "इंग्रजीत कमी पडलेत."

काही वर्षांनी दुधनीहून बातमी आली. दुसरीलाही मूल नव्हतं. तिलाही डॉक्टरकडे नेलं, तिच्याही दंडात दोरे बांधले, तीच पूड तिलाही चाटवली. ते सगळं तसंच्या तसं. आईनं देवापुढे साखर ठेवली. "अक्कात काही नव्हतं, बघा," म्हणाली. अप्पांच्या तोंडावरही मी पहिल्यांदा सुटका बघितली. मलाही, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.

आई तीच साखर घेऊन बाईंकडे गेली. मी बरोबर होते. बाईंना मी पुष्कळदा चिडलेलं बघितलं होतं, पण तसं नाही. त्यांनी साखरेची वाटी आईच्या हातात परत ठेवली. "आता तिकडे दुसरी पोरगी पूड चाटते आहे आणि तुम्ही साखर वाटता? तीही कुणाची तरी अक्काच असेल. लाज वाटते का?" आई रडू लागली. बाई थांबल्या नाहीत. "तुमची सुटली म्हणून हिशोब मिटला? ज्याच्यात दोष आहे त्याला अजून कुणी हात लावलेला नाही!"

पुढच्या रविवारी बाई एकट्याच दुधनीला गेल्या. ह्या वेळी कुणी ताक दिलं नाही, दारही उघडलं नाही. बाई पोत्यांच्या पलीकडे रस्त्यावर उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "सूनबाई, पूड घेऊ नका. तुमच्यात दोष नाही. त्यांना तपासायला सांगा." मग पुन्हा एकदा म्हणाल्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आल्या. आतून कुणी ऐकलं की नाही, त्यांना कळलं नाही. ह्यावरही गावात त्या वेड्या ठरल्या. शोकसभेत ह्यातलं कुणी काही बोललं नाही. फुलांवर प्रेम होतं, म्हणाले.

दाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. दुधनीच्या घरात दुसरी एकटी असते. अक्का बाईंच्या दोन खोल्यांत राहते, मी तिच्याकडे आठवड्यातून एकदा जाते. दोघींनाही मूल झालं नाही. दोघींनाही अजून वांझ म्हणतात. दाजींची तपासणी शेवटपर्यंत झाली नाही.